दूधपिती

मी बाहुल्या दुरुस्त करते. निखळलेला हात बसवणं, केसांचा टोप चिकटवणं, आत पडलेले डोळे पुन्हा जागेवर आणणं, असली कामं. दुकान खरं माझ्या भावाचं, घड्याळांचं. मागच्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल. दादा गिऱ्हाइकांना सांगतो, "पुढे वेळ सुधारून मिळते, मागे वय." तीस वर्षं तो हाच विनोद करतोय आणि लोक अजून हसतात.

माझ्याकडे येणारे बहुतेक संग्राहक. बाहुली टेबलावर ठेवतानाच त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: अशा किती बनल्या असतील? मी "थोड्याच" म्हटलं की ते ती दोन्ही हातांनी उचलतात. "पुष्कळ" म्हटलं की एका हाताने, पायाला धरून. बाहुली तीच असते. एका शब्दाने हात बदलतात.

म्हणून ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा मला नवल वाटलं. तिने टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी धरून आणलेली बाहुली म्हणजे साधी 'दूधपिती' होती. कापडी अंग, रबरी डोकं, ओठांच्या मध्ये बाटलीचं टोक जाईल एवढं भोक. कधीच बंद पडलेल्या एका कारखान्याने त्या हजारोंनी काढल्या होत्या. संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

"ही माझ्या मुलीचीच आहे ना, एवढं सांगा," ती म्हणाली.

ती इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. मुलगी साडेसहा वर्षांची असताना तापाने दोन दिवसांत गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. नंतर एकदा ही कामावर असताना नवऱ्याने मुलीचे कपडे, खेळणी, सगळं पिशव्यांत भरून देऊन टाकलं. डोळ्यांसमोर नको म्हणून. कोणाला दिलं ते त्यालाही धड सांगता येईना. तेव्हापासून सुट्टीचा प्रत्येक दिवस तिने जुन्या सामानाच्या बाजारांत घालवला होता.

"तुम्हाला ओळखू येत नाही?" मी विचारलं.

"मला येते. पण मला वेड लागलंय असं घरचे म्हणतात. म्हणून तुम्ही बघा."

तिने बाहुलीचा झगा वर केला. डाव्या गुडघ्यावर निळ्या दोऱ्याचे सहा टाके होते. "इस्पितळातला दोरा आहे. टाके माझे. चौथा वाकडा पडला, कारण बाहुली धरून बसलेली पोर नेमकी तेव्हा शिंकली." मग तिने बाहुली माझ्या कानाशी हलवली. आत काहीतरी टिक् टिक् वाजलं. "तिचा पडलेला पहिला दात. बाहुलीच्या तोंडातून आत ढकलला तिने. म्हणाली, हिलाही एक तरी दात असू दे."

रबर गरम पाण्यात नरम केलं की डोकं मानेच्या कड्यातून निघतं. मी डोकं काढून तळहातावर उलटं केलं. तांदळाच्या दाण्याएवढा दात बाहेर पडला. बाई रडली नाही. दात परत आत टाकायला लावला, बाहुली गुंडाळली आणि म्हणाली, "आता मला दुसरं काही नको."

मी दादाला म्हटलं, बघ, हजारांतली एक बाहुली, पण तिच्यासाठी जगात एकच. तो म्हणाला, "हे तुझ्या संग्राहकांना शिकव."

तीन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी टॉवेलात दोन बाहुल्या होत्या.

"रस्त्यावरच्या एका दुकानात दिसली," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. "तशीच दिसते म्हणून उगाच हातात घेतली. ताई, तुम्हीच बघा."

निळा दोरा. सहा टाके. चौथा वाकडा.

मला जे वाटायला हवं तेच वाटलं. दोरा तिच्या हाताशी, टाके घालायचं कसब तिच्या बोटांत. दुःखात माणसाचे हात डोक्याला न विचारता कामं करतात. मी पाणी तापवलं, डोकं काढलं. आत दात होता.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांची डॉक्टर आहे, माझी जुनी मैत्रीण. बाईला घेऊन मी वर गेले, दोन्ही दात तिच्यापुढे ठेवले. तिने भिंग लावलं. "खालचे पुढचे. हा डावा, हा उजवा. एकाच मुलाचे वाटतात. का गं?"

बाईने माझं मनगट धरलं. "तिचा एकच पडला होता," ती म्हणाली. "दुसरा हलत होता. शेवटच्या दिवशीही हलतच होता."

मैत्रिणीला काही कळलं नाही. आम्ही जिना उतरलो.

तिसरी बाहुली महिन्याभराने आली, चौथी त्यानंतर. दोन्हींत वरचे पुढचे दात. कुठून मिळाल्या, कोणी विकल्या, सगळं ती सांगायची, आणि प्रत्येक ठिकाण वेगळं, प्रत्येक विकणारा अनोळखी. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. बोलताना मात्र एक विचित्र घाई असायची, स्टेशनवर गाडी लागायच्या वेळी माणसाला असते तशी.

मग तिचा नवरा आला. शाळेत भूमिती शिकवणारा, सडपातळ, बोटांना खडू लागलेला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"टाके तुम्ही घालता?"

"नाही."

"मग ती घालते?"

"मलाही आधी तसंच वाटलं होतं."

"आणि आता?"

मी खुर्ची पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. तेव्हा तो बसला. "पिशव्या मी दिल्या. माझ्या हातांनी. त्यात एक बाहुली होती, ताई. एक. आता घरात चार आहेत. चौघींना समोर मांडते आणि म्हणते, बघ, दात पडताहेत म्हणजे मोठी होतेय. कुठेतरी आहे आणि मोठी होतेय." त्याने खडूची बोटं पँटला पुसली. "तिला समजवा म्हणून मी आलोय. पण खरं सांगू? काल मीच तिला विचारलं, पाचवी कधी मिळेल."

तो गेल्यावर मी ठरवलं, हे एकदाचं तपासायचं. कोणालाही न सांगता दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याला पत्र लिहिलं. एक दूधपिती हवी, कसलीही चालेल. पार्सल दादाच्या नावावर मागवलं. ते आलं तेव्हा मी दादासमोरच सुतळी कापली.

मी झगा वर केला. दादा डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकला होता, तसाच बाहुलीवर वाकला. मनातल्या मनात मोजताना त्याचे ओठ हलले. मग त्याने भिंग काढलं. या खेपेला त्याला विनोद सुचला नाही.

"बंद कर हे," तो म्हणाला.

मी बंद केलं नाही. आतला दात वर नेला. मैत्रीण म्हणाली, "वरचा, बाजूचा. हे मूल आता आठच्या पुढे गेलंय. वेळच्या वेळी पडताहेत हं दात. छान तब्येत दिसतेय."

ती बाहुली मी बाईच्या हातात दिली तेव्हा ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले. तिला खरं तर काय दिलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र अगदी समजण्यासारखं होतं. माझ्या धंद्यात ते पुन्हा पुन्हा होतं. कोणीतरी दूधपित्या विकत घेतंय, ही कुणकुण विक्रेत्यांना लागली. त्यांनी माल दाबून ठेवला. मग संग्राहक जागे झाले. काल जिला पायाला धरून उचलत होते तिला दोन्ही हातांनी धरू लागले. एकाने मला समजावलं, तिच्या ओठांची ठेवण किती दुर्मीळ आहे! हजारो बाहुल्या त्याच साच्यातून निघाल्या होत्या. पण बाजारात दिसेनाशी झाली आणि ती एकाएकी सुंदर झाली.

बाईने जाहिराती दिल्या, बाजार पालथे घातले. संग्राहकांच्या दारांत उभी राहिली. दोन ठिकाणी तिला आत घेतलं, बाहुल्या दाखवल्या. त्यांचे गुडघे कोरे होते, आत काही वाजत नव्हतं. वर्ष असंच गेलं. ती इतकी वाळली की इस्पितळाचा गणवेश तिच्या अंगावर टांगल्यासारखा दिसे.

"मध्ये किती दात पडून गेले असतील," ती एकदा म्हणाली. "मला मिळालेच नाहीत."

शेवटी एकच ठिकाण उरलं. खोकेसाहेब.

हे नाव त्यांना विक्रेत्यांनी दिलेलं. निवृत्त इंजिनिअर, एकटे, वागायला अतिशय सभ्य. बाहुली कधीही खोक्यातून बाहेर न काढणारे. त्यांच्याकडे एक दूधपिती होती, कारखान्याच्या कागदी शिक्क्यासकट, एकदाही न उघडलेली. माझं त्यांच्याकडे जुनं जाणंयेणं, म्हणून बाईने मला सोबत नेलं.

भर दुपार होती, पण खोलीत जाड पडदे ओढलेले. उजेडाने रंग उडतात. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, प्रत्येकाला पुढे पारदर्शक कागदाची खिडकी आणि आत एकेक चेहरा. डांबरगोळ्यांचा वास. खोकेसाहेबांनी हातमोजे घालून खोकं टेबलावर आणलं.

"बघायला हरकत नाही," ते म्हणाले.

"उघडाल?" बाईने विचारलं.

ते हसले. वाईट हसू नव्हतं. "उघडली की ती नुसती बाहुली होईल. आत आहे तोवर तिच्यासारखी दुसरी नाही."

"मागाल ते देते. घर आहे आमचं."

"तसलं काही बोलू नका."

"मग ठेवा तुमच्याकडेच. फक्त एकदा हलवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी खोकं दोन्ही हातांत घेतलं आणि हळूच कलतं केलं.

टिक्.

"कारखान्यात काहीतरी सुटं राहिलं असेल," ते म्हणाले. पण त्यांनी पुन्हा हलवलं नाही.

बाई खाली फरशीवर बसली. हात जोडले. "माझी मुलगी आहे हो त्यात."

"बाई," खोकेसाहेब हळुवारपणे म्हणाले, "इथे येणारे सगळे असंच म्हणतात. मीही म्हणतो."

ती कपाळ टेबलाच्या पायाला टेकवून बसून राहिली. तिच्या पाठीचे मणके गणवेशातून मोजता येत होते.

तीस वर्षांत मी एकही शिक्का फोडला नव्हता. "जरा बघू," म्हणत खोकं त्यांच्या हातातून घेतलं आणि शिक्क्याखाली अंगठ्याचं नख सरकवलं.

कागद फाटला. खोकेसाहेबांच्या तोंडून आवाज निघाला, कोणीतरी पोटात मारल्यासारखा.

मी बाहुली बाहेर काढली. नव्या रबराचा वास आला. झग्याच्या घड्या करकरीत होत्या, कोणाचाही हात न लागलेल्या.

झगा वर केला.

निळा दोरा. चौथा टाका वाकडा.

"शक्य नाही," खोकेसाहेब म्हणाले. "शिक्का मी स्वतः तपासलाय. शक्य नाही."

मग ते न सांगताच आत गेले आणि गरम पाणी घेऊन आले. भांडं ठेवताना त्यांचे हातमोजे भिजले. ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

डोकं सुटलं. बाई उठून उभी राहिली होती. तिने ओंजळ पुढे केली. मी डोकं तिच्या ओंजळीवर उलटं केलं.

या वेळी पडली ती दाढ होती.

तिने ती बोटाने फिरवली. एकदा, दोनदा. मग माझ्यापुढे धरली. मी पडदा बाजूला केला. दाढेच्या खळग्यात चांदी भरलेली होती.

"तिची एकही दाढ किडलेली नव्हती," बाई म्हणाली. "मी रोज बघायचे. दातांच्या डॉक्टरकडे तिला कधी न्यावंच लागलं नाही."

मी ती खिडकीच्या उजेडात धरली. काम नीट केलेलं होतं. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि चांदी अजून काळवंडलेली नव्हती.

बाईने दाढ परत घेतली आणि मूठ मिटली. मग तिने विचारलं, मला नाही, खोकेसाहेबांनाही नाही:

"भरताना तिचा हात कोणी धरला असेल?"