खुंटीवरची माळ

कारभारी, शेकोटीत दोन पऱ्हाट्या टाक आणि जवळ सरक. तू तेल्याचं घर घेतलंस, तिथं पिठाची गिरणी टाकणार, असं कळलं. चांगलं केलंस. पण घाणा उपटायच्या आधी त्या म्हाताऱ्याला एकदा विचार, बाबा, या घरातलं काही जागेवर ठेवायचं आहे का? आणि तो जे सांगेल ते ऐक. हसतोस काय? आमचा पंजाबरावही असाच हसला होता.

सहासष्ट साल. पौषाची अमावस्या, शुक्रवार. पंजाबराव दुपारच्या एस.टी.नं उंद्रीहून चिखलीला गेला होता. काम साधंच. त्याच्या सायकलच्या दुकानासाठी ट्यूबा आणायच्या, आणि बायकोनं बजावून सांगितलेली हिरव्या बांगड्यांची एक माळ. सायकलवाला बांगड्या कशाला आणेल, म्हणशील. तेच सांगतो.

ते दुकान मुळात तुळशीराम कासाराचं. त्या गल्लीला कासार ओळच म्हणायचे, पण कासार तो एकच उरला होता. म्हातारा फार मायेचा. हातात हात घेऊन अशा बांगड्या भरायचा की पोरींना कळायचंही नाही. मोजून भरल्या की वर एक आपल्याकडून भरायचा. "हे आशीर्वादाची," म्हणायचा. दुकानाला उभ्या लाकडी फळ्या, आणि बाजूला भिंतीत एक झरोका, जेमतेम हात जाईल एवढा. लग्नघरातून रात्री कोणी आलं तर फळ्या न काढता तो झरोक्यातूनच बांगड्या भरायचा.

म्हाताऱ्याला दिसेनासं झालं, तेव्हा फाल्गुनात त्यानं दुकान पंजाबरावला विकलं आणि तो लेकीकडे सुलतानपूरला निघाला. पंजाबराव माझा चुलतभाऊ. दोघा भावांत शेती पुरेना म्हणून त्यानं सायकली भाड्यानं द्यायचा धंदा काढला. पोरं खूश झाली. पण बायका! गल्लीतली म्हातारी सत्यभामाबाई तर पहिल्याच दिवशी दुकानापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे पंजाब, आता आमी हातात काय घालाव? तुह्या चाकाच्या तारा?"

दिवाळी झाली तरी लोकांच्या तोंडातलं कासाराचं नाव जाईना. "कासाराकडून सायकल आण," असंच म्हणायचे. त्यानं बायकोच्या नावाची पाटी रंगवून लावली होती, ती कोणी वाचेल तर शपथ. पंजाबरावला हे फार झोंबायचं. पैसे आपण मोजले आणि नाव कासाराचं, म्हणून चिडायचा.

जाताना तुळशीरामानं त्याला एक गोष्ट सांगितली होती. झरोक्याजवळच्या खुंटीवर दोऱ्यात ओवलेली हिरव्या काचेच्या बांगड्यांची एक माळ लटकत होती. तिच्याकडे बोट करून म्हातारा म्हणाला, "इले हात लावू नोको. पौष अमावस्येच्या राती झरोक्यातून हात येईन. कोनाचा, थे इचारू नोको. पाहू बी नोको. ह्या बांगड्या हातावर ठेव, अन मंग नवी माळ आनून अडकव. रिकामा हात वापस धाडू नोको, बाप्पा. मी येकडाव धाडला."

पंजाबराव हसला. पण माळ राहिली खुंटीवर, संक्रांतीपर्यंत.

त्याची बायको कोकिळा तेव्हा सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा दिवस राहून गेले होते, म्हणून तो तिला पाण्याची घागरही उचलू द्यायचा नाही. तिला संक्रांतीला नव्या बांगड्या हव्या होत्या आणि गावात तर आता कासार नाही. "हे घे, घरचीच हाये," म्हणून त्यानं खुंटीवरची माळ काढून दिली. तिनं साबण लावून, दात आवळून त्या बांगड्या भरल्या. दोन्ही हात भरून गेले. मापाला अगदी घट्ट बसल्या.

वाण घ्यायला सत्यभामाबाई आली. तिनं कोकिळेचा हात धरला, आणि तिच्या हातातला तिळगूळ खाली सांडला.

"कोनाच्या घातल्या व माय ह्या?"

मग तिनं सांगितलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच ओळीत मंजुळा नावाची एक सून होती. तिलाही सातवा महिना. सासू मोठी खाष्ट. बांगड्या भरू द्यायची नाही, म्हणून ती एका रात्री सगळे झोपल्यावर गुपचूप आली आणि झरोक्यातून हात घातला. "दादा, आत्ताच भर. उद्या येऊ देनार नाईत मले." तुळशीराम दमलेला. म्हणाला, पोरी, उद्या ये. त्याच रात्री तिला कळा सुटल्या. लेकरू गेलं, पहाटेला तीही गेली. उघड्या हातानं. ती रात्र पौष अमावस्येची.

कोकिळा ताडकन उठली. बांगड्या काढायला गेली तर निघेनात. दिवस गेल्यानं हात सुजलेले. साबण लावला, तेल लावलं. आता राहिलं फोडणं. पण नवरा जिवंत असताना, पोटुशीच्या हातातला हिरवा चुडा कोण फोडणार? सासू म्हणाली, माझ्या जिवंतपणी तरी नाही. पंजाबरावही नाही म्हणाला. वर तोऱ्यात बोलला, "काऊन भेता? दुसरी माळ आनून अडकवतो. बांगडीले का नाव लिहेल असते?"

म्हणून तो चिखलीला गेला होता.

शेवटच्या गाडीनं परत आला. पिशवीतून माळ काढली. हिरवीगार, चमकदार. कोकिळेनं हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, ह्या काचेच्या नाईत."

"प्लास्टिकच्या हायेत. नवीन निंगाल्या. आपटल्या तरी फुटत नाईत पाह्य!" आणि त्यानं एक फरशीवर आपटून दाखवली. टप्प. खरंच फुटली नाही.

तिनं माळ खाली ठेवली. बांगड्या घातलेले दोन्ही हात पोटाशी धरून आतल्या खोलीत जाऊन निजली. सासू दुसऱ्या लेकाकडे शेतावर. घरात दोघंच.

पंजाबराव दुकानात बसला. फळ्या लावलेल्या, कंदील बारीक केलेला. बायकोची समजूत म्हणून बसलो, असं तो मला पुढं सांगायचा. खोटं. तोही भ्यालाच होता. सायकलींच्या सावल्या भिंतीवर. बाहेर कुत्रं नाही की माणूस नाही. पावणेबाराच्या सुमारास त्याला पेंग आली.

आणि जाग आली ती गारठ्यानं.

झरोक्यात हात होता.

लहानसा. कोवळ्या पोरीचा. मनगट उघडं, साधा काळा दोराही नाही. तळवा वर केलेला. हलत नव्हता.

पंजाबराव उठला. त्यानं माळ उचलली. झरोक्यातून पाहिलं नाही, तेवढं म्हाताऱ्याचं ऐकलं. बांगड्या त्या तळव्यावर ठेवल्या. बोटं लागली. बोटं बर्फासारखी...

हात मिटला.

बाहेर टप्प असा आवाज झाला. मग पुन्हा. टप्प. ती बांगडी फळीवर वाजवून पाहत होती.

काच वाजत नव्हती.

मग बांगड्या आत येऊन पडल्या. सगळ्या. आणि हात पुन्हा झरोक्यात आला. रिकामा.

"दादा... आत्ताच भर."

"नाईत," तो म्हणाला. "उद्या... उद्या आनतो."

उद्या.

तो शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं.

हात मागं गेला. हळूच.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. काहीच आवाज नाही. त्याला वाटलं, गेली.

मग किणकिणलं.

आतल्या खोलीत.

कंदील घेऊन तो धावला. मागचं दार आतून बंद होतं, कडी तशीच. कोकिळा उताणी पडलेली. डोळे उघडे. तिचा उजवा हात वर होता. सरळ वर. कोणीतरी धरून ठेवल्यासारखा... कासार धरतो तसा. आणि त्या सुजलेल्या हातावरून एकेक बांगडी वर सरकत होती. साबण नाही, तेल नाही. किण्‌... किण्‌... आणि बोटांच्या टोकाशी गेली की दिसेनाशी व्हायची.

कोकिळेला बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून नुसतं पाणी.

उजवा हात खाली पडला. डावा वर गेला.

पंजाबराव कंदील धरून उंबऱ्यातच उभा. डावाही उघडा झाला. मग तो हातही पडला. आता अंगावर एकही बांगडी नाही. संपलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात कोकिळेच्या पोटावरचं लुगडं दबलं.

मधोमध. पाच बोटं.

पंजाबराव तिथंच गुडघ्यांवर पडला. "माय... माय व... बांगड्या तुह्या. माह्यीच चूक झाली. दरसाल देतो. काचेच्या देतो. लेकरू ठेव, माय. तेवढं लेकरू ठेव..."

बोटं तशीच. कंदिलाची वात फडफडली. तो रडत राहिला.

मग लुगड्याची चुणी हळूहळू वर आली.

सकाळी मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा अख्खी ओळ दारात जमली होती. कोकिळेच्या हातावर ओरखडा नव्हता. घर आम्ही झाडून काढलं, काचेचा एक तुकडा सापडला नाही. झरोक्याखाली त्या प्लास्टिकच्या बांगड्या पडलेल्या. सत्यभामाबाईनं त्या चिमट्यानं उचलून चुलीत घातल्या आणि घरी गेली. पंजाबरावनं दुपारच्या आत पाटी उतरवली. आजही पाटी नाही. कासाराचंच दुकान म्हणतात, आणि तो ओ देतो. खुंटीवर काचेची माळ असते, तू ट्यूब बदलायला जातोस तेव्हा पाहिली असशील.

चैत्रात कोकिळा बाळंत झाली. मुलगी. आई-लेकरू दोन्ही सुखरूप. पाचवीची पूजा झाली, रात्री सुईण सोजराबाई बाळाजवळ निजली. सकाळी दुपटं उघडलं आणि तिनं किंकाळीच फोडली. बाळाच्या डाव्या मनगटात एक हिरवी काचेची बांगडी होती. बोटभर घेराची. एवढ्या लहान मापाची बांगडी तुळशीरामानंही जन्मात पाहिली नव्हती, मी स्वतः सुलतानपूरला जाऊन विचारलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "काढू नोका."

कोणी काढली नाही. निघालीही नसती.

त्या पोरीला आता बारावं लागलं. परवाच माझ्याकडे ताक घेऊन आली होती, तेव्हा मी मुद्दाम हात धरून पाहिला. पोरीचा हात वाढतो रे कारभारी. काच काही वाढत नाही. पण दुसरी बांगडी कोणी कधी भरली नाही, तीच आहे. कुठं तडा नाही, जोड नाही.

आणि अजून सैल आहे.