चौथा हीटर प्लग

शामसुंदरकाका भूतबीत मानत नाहीत. चौतीस वर्षं कारखान्यात, प्लँटच्या हजेरी विभागात कारकुनी केलेला माणूस कशाला घाबरणार? पण जानेवारीत अंगणात शेगडी पेटली आणि अभिनव-प्रांजली ही भाचरं शालीत गुरफटून बसली, की ते चंपतची गोष्ट काढतात. "खोटं वाटलं तर सेक्टर सहात जाऊन त्यालेच विचारा," असं आधी बजावतात आणि मग सावकाश सुरू करतात.

चंपत प्लँटच्या मशीन शॉपमध्ये फिटर. सुटीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या डिझेल गाड्या दुरुस्त करायचा. हातात कसब होतं, पण जीभ हाताच्या पुढे धावायची. काम अर्धं असलं तरी "झालंच समजा" म्हणून मोकळा.

त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून देवीदास मेश्राम राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची वीस वर्षांची पांढरी डिझेल गाडी चंपतशिवाय कोणाच्या हातात जायची नाही. थंडीत असली गाडी एकदम सुरू होत नाही. चावी अर्धी फिरवायची, समोर नारिंगी बत्ती लागते, तेवढ्या वेळात चार हीटर प्लग इंजिन आतून तापवतात. बत्ती विझली की मग सेल मारून गाडी सुरू करायची. देवीदासजी पडले घाईचे. म्हणून शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी भीमाबाई दरवेळी म्हणायच्या, "बत्ती विझू द्या जी." अख्ख्या गल्लीला ते वाक्य पाठ होतं.

२०२१ च्या जानेवारीत ते प्लग गेले. चंपत चार नवे घेऊन आला. जुने प्लग इंजिन गरम करूनच खोलायचे असतात, हे त्यानं स्वतःच दहा पोरांना शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र त्याला दुपारची ड्यूटी गाठायची होती. थंड इंजिनवरच पाना लावला. तीन निघाले. चौथा कट्कन मोडला आणि अर्धा आतच राहिला.

तो काढायचा तर इंजिनचं हेड उतरवावं लागणार, दोन दिवसांचं काम. वर चूक कबूल करा. चंपतनं त्या मोडक्या तुकड्यावरच वायर बसवली, टेप गुंडाळली आणि उरलेला नवा प्लग न उघडलेल्या पारदर्शक पाकिटासकट पेटीच्या तळाशी ढकलला.

भीमाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "झाले का चारही?"

"झाले ना काकू. चारही नवे टाकले."

दुपारच्या उन्हात गाडी सुरू झाली. चंपत चहा पिऊन ड्यूटीवर गेला.

बारा तारखेला, पहाटे पावणेपाचला, भीमाबाईंच्या छातीत कळ आली. देवीदासजींनी त्यांना गाडीत बसवलं. पण टेपखालची वायर सरकून इंजिनला टेकली होती आणि फ्यूज उडाला होता. बत्ती लागायची, विझायची, खाली एकही प्लग तापत नव्हता. गाडी नुसती घुरघुरत राहिली. शेजाऱ्यांची गाडी येईपर्यंत अर्धा तास गेला. भीमाबाई रस्त्यातच गेल्या.

दुसऱ्या दिवशी चंपतनं बोनेट उघडून पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. ओट्यावर देवीदासजी येईल त्याला एकच सांगत होते. "मीच घाई केली. बत्ती विझाची वाट पाहली का नाही, मले आठोतच नाही. माह्यामुळेच गेली ती."

चंपतनं तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हातारा त्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि त्यानं ते घेऊ दिलं. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. गाड्यांची कामं सोडली, पेटीला हात लावला नाही.

वर्ष गेलं. १२ जानेवारी २०२२, बुधवार. संध्याकाळी भीमाबाईंच्या फोटोसमोर बुद्धवंदना झाली, मंडळी पांगली. देवीदासजी म्हणाले, "चंपत, गाडी इकून टाकतो आता. मले तिकडं पाहवत नाही. सुरू होते का पाह्य जरा."

गाडीची बॅटरी चंपतनं त्यांच्याच सांगण्यावरून आदल्या दिवशी चार्जिंगला नेली होती; ती आणि वर्षभर न उघडलेली पेटी तो घरून घेऊन आला. पेटी ओट्यावर ठेवून तो बॅटरी आणि टॉर्च घेऊन मागच्या टिनाच्या शेडमध्ये गेला. सव्वाआठ वाजले होते. बॅटरी खाली ठेवून त्यानं गाडीवरची ताडपत्री ओढली.

काचा आतून धुकाळलेल्या होत्या.

आत कोणीतरी श्वास घेत असल्यासारख्या.

चंपतनं टॉर्च लावून पाहिली. लागली नाही. तरी आत उजेड होता. लहानसा. नारिंगी.

त्यानं खाली पाहिलं. बॅटरी पायाशीच होती.

बत्ती विझली. चंपत हलला नाही.

पुन्हा लागली.

विझली... पुन्हा लागली. सुरू करणारं कोणी नव्हतं. फक्त वाट पाहणारं होतं.

आणि मग, अगदी हळू, रोजच्यासारखं...

"बत्ती... विझू द्या जी."

चंपत धावत घरात आला आणि देवीदासजींच्या पायांशी बसला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"काकाजी, चौथा प्लग म्या टाकलाच नाही. मोडला होता... तुमाले खोटं सांगतलं. गाडी माह्यामुळे बंद पडली. वर्षभर तुमी सोताले दोष देऊन राहिले अन् म्या आयकून घेतलं."

फोटोसमोरची मेणबत्ती अर्धी झाली होती.

"मंग... मी वाट पाहली होती," देवीदासजी फोटोकडे पाहत म्हणाले. "पाहली होती नं, भीमा?"

चंपतकडे त्यांनी पाहिलंही नाही. फक्त हात पुढे केला. "दाखव तो प्लग."

चंपतनं ओट्यावरची पेटी आणली, तळाशी हात घातला आणि पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं.

इथे शामसुंदरकाका थांबतात. अभिनव हमखास शाळेच्या हिंदीत विचारतो, "फिर?" काका शेगडीतले निखारे सारखे करत बसतात आणि मग सांगतात.

पाकिटातल्या नव्या प्लगचं टोक जळून काळं झालेलं बाहेरूनच दिसत होतं. वर्षभर रोज तापल्यासारखं. त्यावरची काजळी ओली होती.

आणि पाकिटाच्या तोंडावरची स्टेपलची पिन दुकानात मारली होती तशीच होती.