ढेकूळ विरघळेपर्यंत

"अहो, मुळं घासताय का भांडी?"

लीला हौदावर सोयाबीनची रोपं धूत होती. तिनं मान वर केली नाही. परभणीच्या सरकारी शेतावरचे दिनकरराव आले होते. चुडाव्याला तिच्या वडिलांच्या मळ्यात त्यांनी दोन वाण पेरून पाहिले होते, एक पिवळ्या बियांचा, एक काळ्या. पेरणीपासून ते येत. आधी पीक बघत, मग ताक मागत, मग ताक संपलं तरी बसत…

"पाव्हण्याच्या हातात चिखल द्यावा काय?" ती म्हणाली.

पिवळ्या वाणाची रोपं त्यांनी स्वतः खणली होती. त्यांच्या मुळांवर गाठी होत्या. हवेतला नत्रवायू त्या गाठींत धरला जातो, तेच पिकाचं खत. लीलानं धुतलेल्या काळ्या वाणाला मात्र एकही गाठ नव्हती.

"काळा वाण बाद," ते हौदाकडे बघत म्हणाले. "पिवळा परभणीतही आहे. म्हणजे इथलं माझं काम… संपलंच."

ते स्टेशनाकडे गेले. लीलानं हौद उपसला. तळाशी ज्वारीएवढ्या गाठी पडल्या होत्या.

मळ्यात राबणारी कडूबाई म्हणाली, "रडायलीस का काय ग?"

"न्हाई. फावडं दे."

काळ्या वाणाचं रोप तिनं ढेकळासकट खणलं, घमेल्यात घातलं आणि दोघी स्टेशनावर गेल्या.

"गाठी व्हत्या," लीला म्हणाली. "माज्याच हातानं गळाल्या."

दिनकररावांनी बादलीभर पाणी आणून ढेकूळ अलगद आत सोडलं. "हलवू नका. आपोआप विरघळू द्या."

बादलीच्या दोन बाजूंना दोघं बसले. गाडी आली.

"तुमची गाडी…"

"ढेकूळ अजून विरघळलं नाही."

गाडी गेली. "एवढ्या वेळात आमच्यात डाळ शिजती," कडूबाई लिंबाच्या झाडाला सांगत होती.

माती सुटली. मुळांवर मोजक्याच गाठी होत्या. त्यांनी एक नखानं चिरली, आत गुलाबी. पिशवीतली पिवळ्या वाणाची चिरली, आत पांढरट.

"पिवळ्याच्या गाठी पुष्कळ, पण पोकळ दिमाख. काम ही गुलाबी गाठ करते."

"मंग पुढच्या पेरणीला येणार तुमी?"

"त्याआधी येईन म्हणतो… आईला घेऊन. तुमच्या वडिलांना भेटायला."

लीलानं ओले हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"आईंना ताक चालतं ना?"