बारीक शिट्टीचा अ‍ॅम्प्लिफायर

“अहो! ऐकू येत नाही का? दार धरा जरा!”

तिसऱ्यांदा ओरडूनही दुकानातला माणूस ढिम्म हलला नाही. पाठमोरा बसून कसल्याशा सर्किटला डाग देत होता. बाहेर ती पावसात उभी. हातात बावीस किलोची लाकडी पेटी, आणि केसांतलं पाणी थेट मानेवरून पाठीत उतरतंय. शेवटी तिनं कोपरानं दार ढकललं आणि पेटी धाडकन काउंटरवर ठेवली. तेव्हा कुठे स्वारी वळली.

वळला, आणि बघतच राहिला. तेही कुठे, तर सरळ तिच्या ओठांकडे.

‘आगाऊच दिसतोय,’ ती मनात म्हणाली. पण खरं सांगायचं तर यायला हवा होता तेवढा राग काही आला नाही. डोळे बरे होते हो त्याचे. जरा दमलेले, पण बरे.

“याला अ‍ॅम्प्लिफायर हवाय. सबवूफर आहे, घरीच केलाय.”

त्यानं पेटीवरून तळहात फिरवला, सांधे चाचपले, बोटाच्या पेरानं टकटक केलं.

“कुठल्या सुताराकडून करून घेतलात? हात चांगला आहे.”

“सुतार समोर उभा आहे.”

“म्हणजे... तुम्ही?”

“का? मिशी नाही म्हणून शंका येतेय?”

तो हसला. हसला की अर्धाच हसायचा, बाकीचं हसू कुठेतरी आतच राहायचं.

ती खरोखरच सुतार होती. कारखाना वडिलांचा, आता तिचा एकटीचा. बाबा होते तोवर घरात सतत काही ना काही वाजत असायचं. ते गेले, आणि घर असं गप्प झालं की खायला उठायचं. आत्या होती सोबतीला, पण आत्या आठलाच झोपणारी बाई. शेवटी बाबांनी राखून ठेवलेल्या जाड प्लायची तिनं ही पेटी केली. नुसतं कानाला ऐकू येणारं नव्हे, छातीत धडधडणारं काहीतरी तिला घरात हवं होतं. नाहीतर त्या शांततेत आपल्याला एक दिवस वेड लागेल, अशी तिला खरंच भीती वाटायला लागली होती.

“वूफर तीनशे वॅटचा आहे,” ती म्हणाली. “अ‍ॅम्प्लिफायर शंभरचाच द्या. जळायची भीती नको.”

“तिथेच सगळे फसतात. छोट्याला ताणलं की त्याचा आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाजच वूफर जाळतो. मोठा घ्यायचा आणि हळू वाजवायचा.”

“माणसांचंही असंच असतं का हो?”

“माणसांचं मला कळत नाही. त्यांचा सर्किटसारखा नकाशा मिळत नाही ना आत डोकवायला.”

ती हसत कपाटाकडे वळली आणि तिथूनच काहीतरी विचारलं. उत्तर नाही. मग मागून आवाज आला, “इकडे बघून बोला ना...”

“का?”

“असंच.”

असंच म्हणे! कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. पण बोलली मात्र वळून.

त्यानं दोन अ‍ॅम्प्लिफायर काढले. एक जुना, लोखंडी, धोंड्यासारखा जड. दुसरा चपटा, हलका, त्यानं स्वतः महिनाभर खपून नव्यानं बांधलेला. खोली केवढी, जमीन कसली, वूफरची कॉइल किती ओहमची, सगळं विचारून घेतलं आणि हलका पुढे सरकवला.

“हा न्या. माझ्या हातचा आहे. वाजेपर्यंत चालू आहे हेसुद्धा कळणार नाही तुम्हाला.”

केवढ्या अभिमानानं म्हणाला होता!

घरी जोडला. पहिलाच सूर जमिनीतून पायांत चढला आणि तिला रडूच आलं. पण गाणं संपलं, नि अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यातूनच एक बारीक शिट्टी सुरू झाली. कींऽऽऽ... एकसारखी, थांबायचं नावच नाही.

“कानात डास शिरलाय गं माझ्या!” आत्या करवादली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात. त्यानं डबा उघडला, कान टेकवला, डोळे मिटले. “काहीच नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत आहे.” तरी एक भाग बदलून दिला. तेवढ्या वेळात दोन चहा झाले, आणि ती अकारण तिसऱ्यालाही थांबली.

शिट्टी काही गेली नाही. ती पुन्हा दुकानात गेली. पुन्हा चहा, पुन्हा ते अर्धं हसू, पुन्हा “काहीच नाही”.

“काय गं,” चौथ्या फेरीला आत्यानं चष्म्यावरून बघितलं, “तुला दुरुस्त नक्की काय करून घ्यायचंय? लिपस्टिक लावून कुणी रिपेअरिंगला जातं का?”

“काहीतरीच तुझं!” म्हणत ती गेली. पण त्या दिवशी तिचं डोकं तडकलंच होतं. डबा काउंटरवर चालू होता, शिट्टी कानात घुसत होती, आणि हा समोर बसून शांतपणे मान हलवतोय!

“तुम्हाला खरंच ऐकू येत नाही, की स्वतःच्या हातचं म्हणून मान्य करायचं नाही? रस्त्यावरच्या कुणालाही बोलवा. सगळ्यांना ऐकू येईल! मला काय खोटारडी समजता?”

त्याचा चेहरा पडला. तो मागच्या फळीवरचा स्क्रूड्रायव्हर घ्यायला वळला. ती त्याच्या पाठीशी भांडतच राहिली... आणि बोलता बोलता थांबली.

काउंटरवर त्याचा फोन वाजत होता. कर्कश, हातभर अंतरावर. तो फळीवर शोधतोय. फोन वाजून वाजून बंद पडला, आणि तो अजून शोधतोय.

दार धरायला मारलेल्या हाका. ‘इकडे बघून बोला.’ ते ओठांवर खिळलेले डोळे...

“दुकानाला आग लागलीय,” ती हळूच म्हणाली.

काही नाही.

“मला... मला तुम्ही फार आवडता.”

काही नाही. काचेवर पाऊस, डब्यात शिट्टी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हे कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ज्याला सांगितलं तो स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

तो वळला. तिचे भरलेले डोळे त्यानं पाहिले, मग फोनकडे पाहिलं, आणि समजायचं ते समजला.

“कधीपासून?” तिनं विचारलं. सावकाश, त्याच्याकडे तोंड करून.

“चार वर्षं झाली. बारीक आवाज आधी गेले. पक्षी, शिट्ट्या, फोन. आता माणसांचं बोलणं जायला लागलंय. घुमणारे, जाड आवाज सगळ्यात शेवटी जातील म्हणे.” त्यानं अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. “शिट्टी खरंच येते ना?”

“येते.”

“मग इतके दिवस मी लोकांना काय काय दिलं असेल, देव जाणे.” तो खाली बसला. “या महिनाअखेरीला दुकान बंद करतोय. धाकट्या भावाच्या गोदामात खोकी भरायचं काम आहे. चारशे किलोमीटर लांब. खोक्यांना कान लागत नाहीत.”

“माझ्याशी भांडला का नाहीत? सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही कीव केली असती. न सांगता तुम्ही येत होतात...” त्यानं बंद बटणावरून अंगठा फिरवला. “रोज येत होतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जड, जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन स्वतःच घरी आला. शेवटचं काम, म्हणाला. आत्यानं त्याला नखशिखांत न्याहाळलं, “बसा हो,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे भांड्यांचा आवाज मात्र येईना. कान इकडेच होते तिचे!

त्यानं तारा जोडल्या, जमेपर्यंत पेटी भिंतीकडे थोडी थोडी सरकवली. मग चपला काढून अनवाणी उभा राहिला आणि तळहात पेटीवर ठेवला. सूर सुरू झाला. खिडकीची काच थरथरली. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की तिला बघवेना.

“शिट्टी?” त्यानं विचारलं.

“अजिबात नाही.”

“चला. एक काम तरी धड झालं. हे एवढं मला अजून बरीच वर्षं पुरेल... पायांतून तरी.”

“आणि मी?”

त्यानं मान खाली घातली. पण ओठ दिसेनात म्हणून परत वर करावी लागली.

“तुमचा आवाज बारीक आहे,” तो म्हणाला. “तो आधी जाईल.”

सूर चालूच होता.

“डॉक्टर दोन वर्षं म्हणतात. फार तर तीन. मग तुम्ही बोलाल, आणि मी नुसता तुमच्या तोंडाकडे बघत बसेन. या घरातल्या शांततेला कंटाळून तुम्ही ही पेटी केलीत. आणि तीच शांतता मी उंबऱ्याच्या आत आणू? नाही. आत्ताच गेलेलं बरं.”

“झालं बोलून?” तिचा पारा चढला. डोळे वाहत होते, पण पारा चढला. “घर गप्प होतं, कारण माझं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं! बघत बसेन म्हणे. मग बघा की! पहिल्या दिवसापासून बघताय. मला वाटलं, काय चावट माणूस आहे हा... आणि ते मला आवडलं होतं. समजलं?”

तो हसला. या खेपेला पुरतं. हसता हसता त्यानं मनगटानं डोळे पुसले, आणि मग ते हसू हळूहळू विझलं.

“फार अवघड जाईल तुम्हाला,” तो म्हणाला.

“जाईल. ठाऊक आहे मला.”

तिनं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. काच थांबली. त्याच्यासमोर, अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून ती उभी राहिली.

“जाऊ नका.”

तो बघत राहिला. “पुन्हा म्हणा.”

“जाऊ नका.”

“पुन्हा...”

“अहो, जाऊ नका!” तिचा आवाज चिरकला. “कळत नाहीये का?”

“पहिल्याच वेळी कळलं,” तो म्हणाला. “नाही जात. पण तुम्ही म्हणत राहा... ऐकू येतंय तोवर.”