थंडीत धूसर

सकाळी होक्काइदोहून फोन आला. चाचणीच्या गाडीपुढे बर्फात माणसाचा पुतळा उभा केला होता. गाडीच्या कॅमेऱ्याला तो दिसलाच नाही. ओनोदेरा नावाच्या चालकाने ऐनवेळी चाक फिरवलं, गाडी झाडावर गेली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. चाचण्या थांबल्या.

कॅमेऱ्याचं भिंग सुवा गावातल्या मोरिझाने कंपनीचं. तपास गुणवत्ता विभागाच्या कोगुचींकडे आला.

गुन्हेगार शोधण्यात एकच अडचण होती. दुपारपर्यंत पाच जणांनी गुन्हा कबूल केला होता. गोंद लावणारा म्हणाला, दोष माझ्या गोंदाचा. भिंगांची थंडीतली चाचणी घेणारा शीतपेटीवाला म्हणाला, माझ्या पेटीचा. उपाहारगृहाच्या बाईसुद्धा येऊन कमरेत वाकून गेल्या. त्यांचा संबंध काय, हे त्यांनाही सांगता येईना.

कुत्सुकाकेबाईंनी तर राजीनामाच दिला होता. भिंगाचा आराखडा त्यांचा. संचालक मियासाका संध्याकाळी त्यावर शिक्का मारणार होते. गाड्या बनवणाऱ्या ग्राहकाला दाखवायला कापलेली एक मान तरी मिळाली असती.

"मारू नका," कोगुची म्हणाले.

"अहो, त्यांनी स्वतः लिहून दिलंय!"

"लिहून तर सगळेच द्यायला बसलेत."

कुत्सुकाकेबाई आपल्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. टेबल आवरून झालं होतं.

"चूक कुठे झाली?" कोगुचींनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग राजीनामा कशाचा?"

"त्या माणसाचं हाड मोडलंय, कोगुची-सान."

"बरं. तुमचं भिंग थंडीत धूसर का होत नाही, ते मला समजेल असं सांगा."

"प्लॅस्टिकच्या भिंगाची ताकद थंडीत वाढते. चित्र सेन्सरच्या अलीकडेच पडतं. पण भिंगाखाली प्लॅस्टिकची कडी आहे, तीही थंडीत आकसते आणि भिंगाला तेवढंच सेन्सरजवळ नेते. एकाची चूक दुसरी भरून काढते."

"संसारासारखं."

"माझं लग्न झालेलं नाही."

यंत्राने जोडलेली भिंगं शीतपेटीत घालून तपासली होती, सगळी लख्ख. ग्राहकासाठी मात्र तीन खास नमुने इवानामींनी हाताने जोडले होते. दोन चाचणीच्या गाड्यांवर गेले. तिसरा कंपनीच्या कपाटात होता.

सगळ्यांचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, असलेले इवानामी केव्हाच निवृत्त झाले होते. तरी रोज येत. येऊ नका म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या खोलीच्या दाराशी सपाता वेड्यावाकड्या पडलेल्या. कोगुचींनी सवयीने त्या उचलून सरळ लावल्या. एकीच्या तळव्यात काहीतरी चकाकलं: धातूचा कुरळा कीस. त्यांनी तो खिशात टाकला.

आत चहा आला, सोबत नोझावानाच्या पाल्याचं लोणचं.

"नमुने तुम्ही जोडलेत, सेन्सेई?"

"मीच. त्याहून चांगलं काही या दारातून बाहेर गेलेलं नाही."

"आराखडा कसा वाटला?"

"पोरगी हुशार. शिकवलीय कोणी? पण ती प्लॅस्टिकची कडी! जेवणाच्या डब्याचं झाकण बरं. ग्राहकाने उघडून पाहिलं तर काय म्हणेल?"

"धातू कातायचं लेथ चालवता अजून?"

"छे! आता सगळं साच्यातून येतं. लेथवर नुसती धूळ. लोणचं घ्या की."

त्या इमारतीत माफी न मागितलेला हा एकच माणूस होता.

संध्याकाळी मियासाकांच्या खोलीत सगळे जमले. शिक्का शाईला टेकलेला. कोगुचींनी टेबलावर तराजू ठेवला. एका पारड्यात यंत्राने जोडलेलं भिंग, दुसऱ्यात कपाटातला नमुना. नमुन्याचं पारडं खाली गेलं.

"काच तीच, गोंद तोच. दोन्ही मी दुपारी शीतपेटीत घातली. यंत्राचं लख्ख, हातचं धूसर. म्हणजे आराखड्यात खोट नाही. आत प्लॅस्टिकपेक्षा जड काहीतरी बसलंय." त्यांनी कीस टेबलावर ठेवला. "अ‍ॅल्युमिनियम. सेन्सेई, तुमच्या सपातेत होता. या कंपनीत लेथला हात लावणारे तुम्हीच. कडी तुम्ही बदललीत. अ‍ॅल्युमिनियम थंडीत फारच कमी आकसतं. भिंगाची चूक भरून काढायला कोणी उरलंच नाही."

इवानामींनी तो कीस चिमटीत उचलला.

"तिला खाली पाहायला लागू नये म्हणून केलं. फोन आला तेव्हाच कळलं, माझी कडी."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळेच माफी मागत होते. म्हटलं, गर्दी ओसरू दे. ओसरली तोवर हिचा राजीनामा गेला होता. मग जीभच उचलेना."

मियासाकांनी सुटकेचा श्वास टाकून राजीनामा कुत्सुकाकेबाईंपुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

"नमुने शीतपेटीत घालायचं काम माझं होतं. सेन्सेईंनी जोडलेत म्हणून नाही घातले. त्यांच्या हातचं तपासायचं म्हणजे..."

खोलीतल्या प्रत्येकाने तेच केलं असतं. कोगुचींनीही.

इवानामी उठले. पारड्यातला आपला नमुना दोन्ही हातांत घेतला आणि कुत्सुकाकेबाईंसमोर वाकले, इतके खाली की त्यांचं टक्कल दिसलं. आजवर ते बाईंना नुसतं 'पोरी' म्हणत.

"कुत्सुकाके-सान," ते म्हणाले, "तपासा."

बाईंनी पेच सोडवले, भिंग उचललं, कडी चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली. कुठे ओरखडा नाही, कड आरशासारखी.

"फार सुंदर झालीय, सेन्सेई."

मग बाईंनी मियासाकांच्या खणातून 'नापास'ची लाल चिठ्ठी काढली आणि कडी एका डबीत ठेवून तिच्यावर चिकटवली.