खोडलेली बरोबर उत्तरं

पहिल्याच तासाला पोरांनी बरोबर आलेली उत्तरं भराभर खोडून टाकली, आणि का, ते तिला कळेचना. परक्या देशातली शाळा, ही अजून शिकाऊ बाई! शेवटच्या पाठाला परीक्षक बाई येणार. त्यांनी नापास केलं की तोंड पाडून घरी. आणि इथे समोरची चिमुरडी रडवेली होऊन तिच्याकडे बघत होती.

तेवढ्यात शेजारच्या वर्गातले तरुण मास्तर कात्री मागायला आले. दारातच थबकले... आणि गालातल्या गालात हसले.

“मान डोलावू नका,” ते चक्क मराठीत म्हणाले. “आपल्याकडे ते ‘छान छान’. इथल्या पोरांना वाटतं, चुकलंच!”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तुम्ही... आपल्याकडचे?”

“हो ना. मीही पहिल्या वर्षी अख्खा वर्ग रडवलाय.”

मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तालीम सुरू झाली. बाहेर भुरभुर पाऊस, खुंट्यांवरच्या ओल्या कोटांचा वास.

“सात नि पाच बारा,” मास्तर शहाण्या मुलासारखे म्हणाले.

“बरोबर!”

“डोललीच मान!”

“तुम्ही असं बघू नका ना —”

“कसं?”

“...असंच.”

मास्तरांनी घाईघाईने खिडकीकडे पाहिलं. कान मात्र लालेलाल. ती मनातून खूश झाली, अगदी बेहद्द खूश.

परीक्षेच्या दिवशी ती ताठ मानेने उभी राहिली आणि प्रत्येक बरोबर उत्तराला टाळी देत सुटली. पोरं खुलली, परीक्षक बाईसुद्धा हसल्या. पाठ संपताच ती व्हरांड्यातून धावत सुटली.

“पास!”

“वा!” मास्तरांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. “म्हणजे... आता परत जाणार तुम्ही.”

“शनिवारी.” पास होण्याच्या नादात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“आमच्याकडे एक जागा भरायची आहे. अर्ज... कराल?”

“हे शाळेसाठी विचारताय, की —”

“शाळेला काय, दुसऱ्या कुणी बाई मिळतील.” मास्तर क्षणभर अडखळले. “मला नाही मिळायच्या.”

हा माणूस तिला हवा होता, मनापासून हवा होता.

“शाळेकडे अर्ज मी करते,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या आईकडे करा. फार उलटतपासणी घेते हं ती!”

“लावा फोन,” मास्तर म्हणाले.