कान विभाग

चहा मी रोजच्यासारखाच घेत होतो. खिडकीपाशी, उभ्यानेच. कप नवा होता, बायकोने आदल्या दिवशी तिच्या कामाच्या जागेवरच्या भट्टीतून आणलेला. घोट घेऊन खाली ठेवणार, तोच माझा अंगठा अडखळला.

कपाचा कान खाली जिथे पोटाला टेकतो, तिथे अंगठ्याने दाबलेला एक खळगा असतो. विकत घेणारा तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण कपबशा घडवणाऱ्यांना तो खळगा माणसाच्या चालीसारखा लांबून ओळखू येतो. आमच्याकडे लग्नापासूनची वाटणी ठरलेली. चाक तिचं, तळ तासणं तिचं, कानाचं वरचं टोकही तीच चिकटवणार. खालचं टोक वळवून दाबायचं काम माझं. घराला दोन चाव्या असाव्यात, तसा प्रत्येक कप आमच्या दोघांचा.

या कपाच्या खळग्यात माझा अंगठा सैल बसला. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखा.

रुंद अंगठा होता. पुरुषाचा. झिलईखाली त्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या. आणि दाब फार हळुवार होता. झोपलेल्या लेकराचा गाल चाचपावा तसा. माझा कधीच तसा नव्हता.

"हल्ली कान कोण लावतं गं?" मी विचारलं.

ती दारात पायांत चपला सरकवत होती. "तुम्ही येत नाही ना तिथे. मग कुणीतरी लावायलाच हवेत," ती म्हणाली आणि गेली.

खरं होतं. गावातला चिनीमातीचा जुना कारखाना बंद पडून गंजत होता, तो रंगवून तिथे कलाकारांचा बाजार वसवला, तेव्हा हिने एक खोली मिळवली. मी म्हणालो होतो, लोकांनी फोटो काढावेत म्हणून मी माती मळणार नाही. मी घरच्या शेडमध्येच राहिलो. सुरुवातीला ती अर्धवट झालेले कप ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची, माझ्यापुढे ठेवायची. मग आणेनाशी झाली. मला वाटलं, ओझं वाहून दमली असेल.

त्या दुपारी मी गेलो.

फाटकाच्या आत मालगाडीचे रूळ होते, आणि रुळांच्या मधोमध फुलझाडांच्या कुंड्या. धुराड्याला शेंड्यापासून बुडापर्यंत दिव्यांच्या माळा. वजनकाट्याच्या लोखंडी चौथऱ्यावर कुणीतरी गिटार वाजवत होतं. जुन्या पाट्या शोभेसाठी तशाच ठेवल्या होत्या. 'भट्टी' लिहिलेल्या दारातून कॉफीचा वास येत होता, 'झिलई'मध्ये पुस्तकांचं दुकान होतं. आणि टोकाच्या एका दारावर लिहिलेलं होतं, 'कान विभाग'. दोन मुली त्या पाटीखाली कानाला हात लावून फोटो काढत होत्या.

"आत डॉक्टर बसतात का हो?" त्यांतली एक मला म्हणाली.

"माझी बायको बसते," मी म्हणालो.

बाहेरच्या टेबलावर विक्रीला माझी मेहुणी होती. मला बघून तिने कपाळाला हात लावला. "अरे बापरे, भाऊजी! सूर्य कुठून उगवला म्हणायचा? की पाळत ठेवायला आलात?"

"सहज आलो."

"सहज माणूस असा दात आवळून येत नाही." ती खुदकन हसली. शेजारच्या तसबिरींच्या चौकटी करणाऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, लपा! आमचे भाऊजी आलेत!"

चौकटवाला खिळे तोंडात धरून बाहेर आला. उंच, हसरा, मानेवर रुळणारे केस. मी त्याचे केस बघितले नाहीत. मी त्याचा हात हातात घेतला, नमस्कार चमत्कार करता करता अंगठा उलटा केला. हातोडीने चेचून चेचून चपटा झालेला, नखाचा पत्ता नव्हता. तो नव्हे. मग मी सगळ्या बाजाराचेच अंगठे बघत सुटलो. कॉफीवाल्याचा काटकुळा. गिटारवाल्याचा लांब, टोकदार. साबण विकणाऱ्या म्हाताऱ्याचा थरथरणारा. स्वतःचीच लाज वाटत होती, आणि थांबवत नव्हतं.

मेहुणी हे सगळं बघत होती. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, आता हसत नव्हती, "आत कुणी येत नाही. मी दिवसभर दारात बसलेली असते ना. एक माणूस येत नाही."

"मग कान?"

तिने एक कप उचलला, पुसलेलाच होता तरी पुन्हा पुसला. "मी ताईला एकदाच विचारलं. पुन्हा नाही विचारलं."

आत गारवा होता. छताच्या उभ्या काचांतून सावलीतला पांढरा उजेड खाली येत होता. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब लाकडी बाक, कारखान्याच्या वेळचा. त्यावर ओळीने माणसं बसून कान लावायची. बसून बसून लाकडात एकेकाची बैठक खोलगट झाली होती. बाकाच्या एका टोकाशी हिचं चाक. बाकावर सगळीकडे तिने पसारा मांडला होता. डबे, स्पंज, तारा, फडकी. फक्त तिच्या उजव्या हाताला लागून असलेली एक बैठक मोकळी होती. स्वच्छ पुसलेली.

"आलात," ती म्हणाली. चेहऱ्यावर आनंद होता की घाबरणं, मला कळलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फळीवर कपांची रांग होती. सगळ्यांचे कान वरच्या टोकाला चिकटवलेले, खालची टोकं लोंबत. बांधायच्या राहिलेल्या नाड्यांसारखी.

"हे कोण पुरं करणार?"

"जेवून येते," ती म्हणाली. "धाकटी दारात भुकेली बसलीय."

"मी बसतो इथेच."

तिने हात धुतले. पुसले. दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "बोलू नका हं काही लागेलसं." मला वाटलं, मला म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी स्टूल फळीसमोर ओढलं. बाहेर गिटार चालू होती, मुलं रुळांवरून तोल सांभाळत पळत होती, कुठेतरी दूध फेसाळल्याचा आवाज येत होता. भर दुपार. ओल्या मातीचा वास, तोच, लहानपणापासूनचा.

मी नजर हलवली नाही.

पहिल्या कपाचा कान वळायला लागला.

आधी वाटलं, आपल्याच वजनाने झुकतोय. ओली माती झुकते. पण ती वर झुकत नाही. लोंबणारं टोक सावकाश आत आलं, कमान झाली, कपाच्या पोटाला टेकलं. क्षणभर थांबलं. आपणही असेच थांबतो, कमान सरळ आहे ना हे बघायला.

मग माती दबली.

खळगा आतून उमलावा तसा झाला. कडेला माती जराशी वर आली, आणि ती वर आलेली कडही हळूच पुसली गेली.

दुसरा कप.

तिसरा.

तो घाई करत नव्हता. मला भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा होता, मानेवर घाम होता, सगळं होतं. पण सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट जळत होती. माझ्यापेक्षा चांगलं करत होता. तिच्या कपाला असा हात मी एकदाही लावला नव्हता.

मी उठलो. एकेका खळग्यावर माझा अंगठा ठेवून दाबत सुटलो. त्याचा ठसा मोडला, माझा उठवला. माती कोमट होती. फळीच्या टोकापर्यंत गेलो आणि मग स्टुलावर बसून राहिलो.

समोर काही हललं नाही. खोलीत कुणीतरी बाजूला सरून उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

बायको आली. फळीपाशी वाकली. एका कपाच्या कानाखाली बोट फिरवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या.

"हे तुमचे," ती म्हणाली.

"ओळखलेस?"

"राग लागलाय सगळ्यांना." तिने ते कप एकामागून एक उचलले आणि जुन्या मातीच्या बादलीत सोडले. अलगद. पाण्यात बुडबुडे आले.

मी स्टुलावरून उठलो. "आजपासून मी इथे बसतो. तुझ्याजवळ. हवं तर बाजार बघायला येऊ दे, फोटो काढू दे. पण कान मी लावणार."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे मी किती वाट बघून बघून सोडून दिलं होतं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. मग नाक ओढून, हसून, "बसा की मग. आपलंच आहे."

मी बाकाकडे गेलो. तिच्या उजव्या हाताच्या मोकळ्या बैठकीवर बसणार, तेवढ्यात ती पटकन म्हणाली, "तिथे नको. थोडं पलीकडे सरकून."

आणि मी सरकलो. का सरकलो, कोण जाणे. डबे बाजूला करून पुढच्या बैठकीवर बसलो. आमच्यामध्ये माणसाएवढी जागा राहिली.

तिने तळ तासायचा एक कप चाकावर उपडा घेतला. मातीची लांब साल सुटून मांडीवर पडायला लागली. आणि ती गुणगुणायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र कामाला बसलो तेव्हा आम्हीच जुळवलेलं गाणं. एक ओळ तिची, एक माझी.

"मऊ मातीचा मी पेला, फिरवीन गोल गोल..."

पुढची ओळ माझी. कान देईन मी त्याला, सांभाळीन तोल. मी श्वास घेतला.

ती मान जराशी कलती करून ऐकत होती. एका ओळीला लागतो तेवढा वेळ. मी तोंड उघडायच्या आत तिने तिसरी ओळ उचलली.

"त्याच्या काठाशी ठेवीन, माझे दोन बोल..."

तळ तासून झाला. तिने कप सरळ केला, कानाचं वरचं टोक चिकटवलं, आणि नजर चाकावरच ठेवून तो उजवीकडे दिला. ती नेहमी असाच देते, बघत नाही. हात पुढे असणारच, हे तिला माहीत असतं.

मी हात पुढे केला. जितका लांब होईल तितका.

तिने बोटं सोडली.

कप माझ्यापर्यंत आला नाही. खालीही पडला नाही.

बायकोने मोकळा झालेला हात पाण्यात बुडवला आणि पुढचा कप चाकावर घेतला.